आंतरजालावरील लेखकसमूह आणि मराठी कथाकाराची घडण : विदर्भाच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

कथा एकांतात लिहिली जाते; कथाकार मात्र केवळ एकांतात घडत नाही. स्वतःच्या मजकुराकडे परक्या नजरेने पाहण्याची सवय लागल्याशिवाय लेखकाला आपल्या उणिवा दिसत नाहीत. ही सवय लावणारा एखादा वाचक, मित्र किंवा संपादक बहुतेक लेखकांच्या वाटचालीत आढळतो. मराठीत हे कार्य दीर्घकाळ साहित्यसंस्था, नियतकालिके आणि पत्रव्यवहार यांनी केले. गेल्या सुमारे तीन दशकांत त्यांत आंतरजालावरील लेखकसमूहांची भर पडली आहे. प्रकाशनाच्या प्रमुख केंद्रांपासून दूर असलेल्या नागपूरसारख्या शहरातील नवोदित कथाकाराला आज सर्वांत सहज उपलब्ध होतो तो असा समूहच. म्हणूनच हा समूह कथाकाराच्या विकासासाठी नेमके काय करतो आणि काय करीत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

विदर्भातील लेखकांना एकत्र आणण्याचा संस्थात्मक प्रयत्न जुना आहे. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ रोजी अमरावती येथे झाली. पुढे संघाचे मुख्यालय नागपूरला आले. नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचे. संघाच्या ‘युगवाणी’ने या प्रदेशातील लेखनाला हक्काचे स्थान दिले. तथापि कथा-कादंबरीच्या प्रकाशनाचे आणि प्रतिष्ठेचे केंद्र प्रामुख्याने मुंबई-पुणे हेच राहिले. विदर्भातील कथाकाराला आपले हस्तलिखित टपालाने पाठवून उत्तराची वाट पाहावी लागे.

या टपालालाही एक वाङ्मयीन मूल्य होते. धारवाडसारख्या सीमेवरच्या गावी राहून लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांचा मराठी साहित्यविश्वाशी संबंध मोठ्या प्रमाणावर पत्रांतून राहिला. श्री. पु. भागवत, सुनीता देशपांडे यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. दूर राहणाऱ्या लेखकाचाही एक अदृश्य समूह असतो, ही गोष्ट आंतरजालाच्या कितीतरी आधी सिद्ध झाली होती. ‘सत्यकथे’चे संपादक राम पटवर्धन हस्तलिखितावरील बारीक कामासाठी ओळखले जातात. तेथे संपादकाचे वाचन हे छपाईपूर्वीचे वाचन होते आणि त्याचा परिणाम कथेच्या पुनर्लेखनात उतरू शकत होता.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. संपादकाची अभिरुची हीच अनेकदा साहित्याची सीमा ठरे. १९६९ मध्ये लघुअनियतकालिकांच्या चळवळीतील तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, ती या मक्तेदारीच्या निषेधार्थ. त्याच सुमारास नागपूरला जन्मलेल्या गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ उभे केले. दलित लेखकांना तेथे प्रकाशनाचे साधन मिळाले. शिवाय लेखक-वाचक मेळाव्यांच्या रूपाने परस्परांना ऐकण्याची जागाही मिळाली. छापणारे नियतकालिक आणि समोरासमोर बसणारा समूह यांची ही जोड पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

आंतरजालावरील समूहांचे स्वरूप

१९९६ साली अमेरिकेतील मराठी मंडळींच्या पुढाकाराने ‘मायबोली’ सुरू झाली. ‘मनोगत’ २००४ मध्ये, ‘मिसळपाव’ २००७ मध्ये आणि ‘ऐसी अक्षरे’ २०११ मध्ये अस्तित्वात आले. युनिकोडमुळे देवनागरी टंकलेखन सुलभ झाल्यावर या संकेतस्थळांवर कथा, कविता, ललितलेख विपुल प्रमाणात येऊ लागले. ‘मायबोली’वरील ‘गुलमोहर’ आणि ‘मिसळपाव’वरील ‘जनातलं, मनातलं’ हे विभाग या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. पुढे ‘प्रतिलिपी’सारखी बहुभाषिक व्यासपीठे, फेसबुकवरील गट आणि व्हॉट्सॲपवरील समूह यांनी हा विस्तार आणखी वाढवला.

या समूहांनी मराठी कथाकाराला दिलेले लाभ नाकारता येत नाहीत. पहिला लाभ प्रवेशाचा. गडचिरोली किंवा भंडारा जिल्ह्यातील विद्यार्थी, नोकरी सांभाळून लिहिणारी गृहिणी आणि परदेशातील अभियंता हे तिघेही येथे एकाच पंक्तीत बसतात. दुसरा लाभ सदस्यनामाचा. कुटुंबात वा कार्यालयात ज्या विषयाची वाच्यता करणे अवघड, तो विषय टोपणनावाने कथेत आणता येतो. तिसरा लाभ वाचकवैविध्याचा. साहित्याचे औपचारिक शिक्षण न घेतलेला वाचक ‘ही गोष्ट मला पटली नाही’ असे सरळ लिहितो. आणि डॉक्टर, वकील, शेतकरी असे वाचक कथेतील तपशिलाची चूक तत्काळ दाखवतात. इतके तज्ज्ञ कोणत्याही एका संपादकाच्या कार्यालयात एकत्र आले नसते.

शिवाय या समूहांनी स्वतःची रूपेही घडवली. ‘क्रमशः’ लिहिली जाणारी दीर्घकथा आणि ‘शशक’ या संक्षेपाने ओळखली जाणारी शतशब्दकथा ही त्यांची ठळक उदाहरणे होत. शंभर शब्दांची मर्यादा लेखकाला प्रत्येक शब्दाचा हिशेब द्यायला लावते. काटकसरीचा हा धडा नवोदितासाठी मोलाचा आहे. परंतु तिचा दोष असा की, ती अखेरच्या कलाटणीची चटक लावते. कलाटणी साधली की कथा साधली, असा समज बळावतो आणि पात्राच्या अंतरंगाकडे दुर्लक्ष होते.

प्रतिसाद आणि संस्करण

येथे मूळ प्रश्न उपस्थित होतो. कथालेखनाच्या विकासासाठी लेखकाला प्रतिसाद हवा असतो आणि संस्करणही हवे असते. प्रतिसाद वाचकाच्या मनावर काय उमटले ते सांगतो. कथा कोठे सैल आहे, निवेदकाचा दृष्टिकोन कोठे ढळतो, कोणता प्रसंग अनावश्यक आहे, हे संस्करण दाखवते. मराठी संकेतस्थळांनी प्रतिसादाची संस्कृती समृद्ध केली. संस्करणाची संस्कृती मात्र तेथे रुजली नाही.

याचे कारण सदस्यांच्या अरसिकतेत शोधणे अन्यायाचे ठरेल. ते या माध्यमाच्या रचनेत आहे. येथे कथा आधी प्रकाशित होते आणि नंतर वाचली जाते. प्रकाशित झालेली कथा लेखकाच्या दृष्टीने पूर्ण झालेली असते. तिच्यावरील सूचना दुरुस्तीचे साधन न वाटता निकाल वाटते. शंभर जणांसमोर मिळालेली सूचना आणि एकट्याने वाचलेले संपादकाचे पत्र यांच्या परिणामात मोठे अंतर असते. त्यामुळे दोष दाखवणारा वाचक संकोचतो आणि ज्याच्या कथेवर दोष दाखवला तो दुखावतो. हळूहळू सौजन्याची एक परिभाषा तयार होते. ‘पुलेशु’ (पुढील लेखनास शुभेच्छा) आणि ‘पुभाप्र’ (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) ही त्या परिभाषेतील प्रचलित लघुरूपे. ती आपुलकीने लिहिली जातात यात शंका नाही. पण पुढील लेखनाला शुभेच्छा देताना समोरच्या लेखनाविषयी काहीच सांगितले जात नाही, हेही तितकेच खरे. क्रमशः कथेच्या बाबतीत तर वाचकाची घाई लेखकाला मागे वळून पाहूच देत नाही. पहिला भाग सुधारावयाचा असतो तेव्हा चौथ्या भागाची मागणी आलेली असते.

ही मर्यादा आंतरजाल या साधनाची अपरिहार्य मर्यादा नव्हे, हे एका परदेशी उदाहरणावरून स्पष्ट होते. विज्ञानकथा, अद्भुतकथा व भयकथा लिहिणाऱ्यांसाठी १९९०च्या दशकाच्या मध्यापासून चालणारी ‘क्रिटर्स’ ही इंग्रजीतील आंतरजालीय कार्यशाळा वेगळ्या तत्त्वावर उभी आहे. तेथे सदस्याला आपले हस्तलिखित समूहासमोर येण्यासाठी इतरांच्या हस्तलिखितांवर नियमितपणे सविस्तर टिप्पणी लिहावी लागते. हस्तलिखिते सदस्यांपुरती मर्यादित राहतात आणि प्रकाशनापूर्वीच वाचली जातात. वाचन हे तेथे कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य बजावताना वाचणाराही शिकतो. दुसऱ्याच्या कथेतील सैल दुवा शोधण्याचा सराव झालेल्या लेखकाला स्वतःच्या कथेतील तसाच दुवा अधिक लवकर सापडतो.

याचा अर्थ असा की, आंतरजालाने संपादकाचा अधिकार संपुष्टात आणला, परंतु त्याचे काम कोणाकडेही सोपवले नाही. अधिकार गेल्याचा आनंद रास्त आहे. १९६९च्या बंडाला अपेक्षित असलेले स्वातंत्र्य आज कोणालाही विनासायास मिळते. मात्र ते काम शिल्लकच आहे.

बोलीचा प्रश्न

विदर्भातील कथाकाराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील कौतिकचे जग वऱ्हाडी बोलीपासून वेगळे काढता येत नाही. बोली तेथे केवळ स्थानिक रंग भरत नाही. ती त्या स्त्रीच्या सोसण्याची आणि चिवटपणाची भाषा आहे. असे लेखन आज एखाद्या संकेतस्थळावर पहिल्या मसुद्याच्या अवस्थेत आले, तर त्याचे काय होईल? जगभर विखुरलेल्या वाचकवर्गाला वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतील शब्द अपरिचित असतात. अर्थ विचारणारे प्रतिसाद येतात, कधी ‘बोलीची गंमत’ म्हणून कौतुक होते. अर्थ सांगण्याच्या नादात लेखक संवाद प्रमाणभाषेकडे झुकवू लागतो, नाहीतर कौतुकाच्या मोहाने बोलीची मात्रा वाढवतो. दोन्ही वाटांनी पात्राचा आवाज हरवतो. अशा वेळी जी बोली पात्राच्या तोंडी आहे ती कानांनी जाणणारा वाचक आवश्यक असतो, आणि असा वाचक बहुधा त्याच परिसरात भेटतो. झाडीबोलीसाठी साहित्य मंडळ स्थापून संमेलने भरवणाऱ्या पूर्व विदर्भातील मंडळींनी ही गरज ओळखली होती, असे म्हणता येईल.

महाविद्यालयांचे स्थान

या ठिकाणी महाविद्यालयीन मराठी विभागांची भूमिका विचारार्ह ठरते. विद्यार्थ्याची कथा वार्षिकांकात छापून येणे हाच आजवर महाविद्यालयातील सर्जनशील लेखनाचा प्रमुख टप्पा राहिला आहे. म्हणजे तेथेही प्रकाशन आधी आणि वाचन नंतर, हाच क्रम. त्याऐवजी आठ-दहा विद्यार्थ्यांचा एक लहान गट, पंधरवड्यातून एक बैठक, आधी वाटलेले एक हस्तलिखित आणि प्रत्येकाची लेखी टिप्पणी इतकी साधी रचना पुरेशी आहे. टिप्पणीत ‘आवडली’ किंवा ‘आवडली नाही’ असे न लिहिता कथा कोणाच्या नजरेतून सांगितली आहे, ती कोठे थबकते, कोणते वाक्य काढले तरी चालेल, हे लिहावयाचे. लेखकाने त्या बैठकीत स्पष्टीकरण न देता केवळ ऐकावयाचे आणि पुढील बैठकीस पुनर्लेखन आणावयाचे. अशा गटातून तावूनसुलाखून निघालेली कथा पुढे आंतरजालावर गेली, तर तेथील विपुल वाचकवर्गाचा तिला खरा लाभ होईल. बैठकीला येऊ न शकणाऱ्या, गाव सोडून गेलेल्या विद्यार्थ्याला त्याच गटात दूरस्थ सहभाग घेता येईल. प्राध्यापकाने मात्र या गटात शेवटी बोलावे. त्याचे मत आधी आले, तर इतरांचे वाचन तेथेच थांबते.

समारोप

आंतरजालावरील लेखकसमूहांनी मराठी कथेला वाचक मिळवून दिले, नवे लेखक दिले आणि काही नवी रूपेही दिली. विदर्भासारख्या प्रदेशातील लेखकाचे भौगोलिक एकाकीपण त्यांनी बरेच कमी केले. तथापि अशा समूहात सामील होणे म्हणजे लेखनाचे शिक्षण घेणे, हे समीकरण तपासून पाहिले पाहिजे. लेखक घडतो तो पुनर्लेखनातून, आणि पुनर्लेखनाला प्रवृत्त करणारे वाचन हे श्रमाचे काम आहे. पूर्वी ते श्रम संपादक एकट्याने करी आणि त्याबरोबर निवडीची सत्ताही स्वतःकडे ठेवी. ती सत्ता आता उरलेली नाही. ते श्रम समूहाने आपापसांत वाटून घेतले, तरच नवोदित कथाकाराची पहिली कथा एका दिवसाच्या कौतुकानंतर विस्मृतीत न जाता त्याच्या दुसऱ्या, अधिक चांगल्या कथेची पायरी ठरेल.