वारा पश्चिमेचा, वस्ती पूर्वेची

दरवर्षी प्रथम वर्षाच्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच आठवड्यात एक काम देतो. आपल्या गावाचा नकाशा आठवून काढा. प्रमाण चुकले तरी चालेल, पण गाव दिसले पाहिजे. मुले उत्साहाने काढतात. नदी, मारुतीचे देऊळ, ग्रामपंचायत, शाळा, एस.टी.चा थांबा, शिवारातल्या विहिरी. गेल्या वर्षी एका मुलीने फार नेटका नकाशा काढला होता. उत्तर दिशेचा बाणसुद्धा होता. पण ती ज्या वस्तीत राहते ती वस्तीच त्यात नव्हती. मी विचारले तेव्हा ती गोंधळली. मग म्हणाली, "सर, नकाशात काय काय दाखवायचं ते शाळेत शिकवलं होतं. त्यात हे नव्हतं."

मी तिला काही बोललो नाही. चौथीत असताना मीही असाच नकाशा काढला होता आणि गुरुजींनी त्यावर 'छान' असा शेरा दिला होता. आमच्या घरात अक्षरओळख कोणाला नव्हती, पण चित्र सर्वांना कळते म्हणून मी तो आईला दाखवला. तिने बराच वेळ पाहून विचारले, "ह्यात आपलं घर कुठं हाय?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतका भूगोल मला तेव्हा आला नाही. पदव्या घेऊन, शिकवायला लागल्यावर तो थोडा थोडा येऊ लागला. त्या प्रश्नापाशी उभे राहूनच मी शाळेतली भूगोलाची व पर्यावरणाची पुस्तके वाचत आलो आहे.

१९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने द्यावे असे निर्देश दिले. तेव्हापासून ह्या विषयाचे साहित्य वाढतच गेले आहे. पाठ्यपुस्तके आली, प्रकल्पवह्या आल्या, तक्ते आले, आणि नववी-दहावीसाठी 'जलसुरक्षा' ह्या नावाचे पुस्तकही आले. ही सगळी मेहनत निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ही पुस्तके जमीन, पाणी आणि वारा शिकवतात, पण ते कोणाच्या वाट्याला किती आले आणि का आले हे शिकवत नाहीत. वाटपाचा प्रश्न एकदा गाळला की शाश्वत विकास शिकवता येत नाही. नुसता सदुपदेश करता येतो.

वाऱ्यापासून सुरुवात करू. नैऋत्य मोसमी वारे समुद्राकडून येतात, सह्याद्रीला अडतात, पलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो, हे आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. आता महाराष्ट्रातले कोणतेही जुने गाव घ्या आणि महारवाडा, मांगवाडा कोणत्या बाजूला आहे ते पाहा. बहुतेक ठिकाणी तो पूर्वेला सापडेल, किंवा नदीच्या खालच्या अंगाला. वस्तीवरचा वारा गावावर जाऊ नये, वस्तीने शिवलेले पाणी गावाकडे येऊ नये, हा त्यातला हिशेब. स्मृतीने गावाबाहेर राहा एवढेच सांगितले होते. नेमके कोणत्या बाजूला, हे वाऱ्याने आणि उताराने ठरवले. म्हणजे गाव वसवणाऱ्यांना भूगोल चांगला येत होता. येत नाही तो आमच्या पुस्तकांना, कारण त्यांतल्या 'वस्तीचे प्रकार' ह्या पाठात केंद्रित, विखुरलेली आणि रेषाकृती असे तीनच प्रकार असतात. बहिष्कृत वस्ती हा चौथा प्रकार त्यात बसत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या माणसांनी आपल्या वस्त्यांना भीमनगर, समतानगर अशी नावे दिली होती. पण पाटी बदलली तरी उतार तोच राहतो. गावाचे गटाराचे पाणी कोणाच्या दारात येऊन थांबते, पाण्याच्या टाकीपासून शेवटचे घर कोणाचे, स्मशानाला वाट कोणाला आहे, हे प्रश्न नामांतराने सुटत नाहीत. ते मोजावे लागतात. मोजणे हेच तर भूगोलाचे काम!

आता ह्या पुस्तकांची भाषा पाहू. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'आपण' हा आहे. आपण पाण्याची नासाडी करतो. आपण झाडे तोडली. आपण दात घासताना नळ बंद ठेवला पाहिजे. हा 'आपण' कोण आहे? त्याच्या घरात नळ आहे, तो चोवीस तास नसला तरी उघडता आणि बंद करता येतो, आणि त्याच्यापाशी नासाडी करण्याइतके काहीतरी आहे. उन्हाळ्यात टँकरमागे घागर घेऊन धावणाऱ्या पोरीने तो पाठ वाचून कोणता नळ बंद करावा? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. त्या वर्षीही मराठवाड्यातल्या वर्गांतून नळ बंद ठेवण्याचा उपदेश चालूच होता. ऊस किती पाणी पितो आणि ते कोणाच्या शेतात पितो, हा प्रश्न मात्र त्या पाठाच्या स्वाध्यायात नव्हता. सर्वांना सारखे अपराधी ठरवणारा हा 'आपण' दिसायला फार समतावादी असतो. प्रत्यक्षात तो पिणाऱ्याचे पाप तहानलेल्याच्या माथ्यावर वाटून टाकतो.

शाश्वत विकासाची जी व्याख्या मुले घोकतात ती १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातून आली आहे. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा येऊ देऊ नये, असा तिचा आशय. ह्या अहवालाने गरिबांच्या मूलभूत गरजांना अग्रक्रम द्यावा असेही म्हटले आहे, पण आमच्या वर्गापर्यंत येताना ते वाक्य वाटेत गळून पडते. उरते ती पुढच्या पिढ्यांची काळजी. मागच्या पिढ्यांपासून ज्यांच्या वाट्याला एक गुंठाही आला नाही त्यांनी पुढच्यांसाठी काय राखून ठेवावे, हे विचारायला जागाच राहत नाही.

मला कोणी पाण्यावरचा धडा लिहायला सांगितला तर मी तो महाडपासून सुरू करीन. महाड सावित्री नदीच्या काठी, कोकणात आहे. तिथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, मराठवाड्याच्या चौपट म्हणावा इतका. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी हजारोंसह चालत जावे लागले. त्यानंतर पाण्यात पाय टाकलेल्या माणसांना मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ साल उजाडले. इतिहासाच्या पुस्तकात हा सत्याग्रह असतो. तो भूगोलाच्या पुस्तकात हवा, कारण पाणीटंचाई केवळ पावसाच्या आकड्याने ठरत नाही हे शिकवणारा ह्यापेक्षा चांगला दाखला नाही. देशातल्या भरपूर पावसाच्या पट्ट्यात, भरलेल्या तळ्याच्या काठी, माणसे तहानलेली होती. तेथे अवर्षण नव्हते. टंचाई माणसांनी निर्माण केलेली होती.

त्याच धड्यात पुढे मी नायगावची पाणी पंचायत घेईन. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी ती उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीच्या मालकीवर न ठरवता घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरवायचा, उसाला पाणी द्यायचे नाही, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क द्यायचा, असे तिचे नियम होते. आदर्श गाव म्हटले की आपली पुस्तके चराई बंद, कुऱ्हाड बंद आणि श्रमदान एवढेच सांगतात. बंधारा अडवल्यावर पाणी कोणाच्या विहिरीला उतरले, आणि ज्याची विहीरच नाही त्याच्या श्रमदानाचे काय झाले, हे नायगावच्या नियमांशेजारी ठेवले की मुलांना आपोआप विचारता येते.

हीच गोष्ट झाडांची. पर्यावरण दिनाला शाळेची मुले गायरानावर रोपे लावायला जातात. पडीक जमीन हिरवी करा, असे पुस्तक सांगते. पण गायरान पडीक असते असे कोणी सांगितले? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारोंनी तुरुंग भरले, ते ह्याच पडीक म्हटलेल्या जमिनीसाठी. आजही अनेक घरांची ज्वारी गायरानाच्या तुकड्यावर पिकते. माझ्या ओळखीच्या एका घरातला मुलगा शाळेच्या रांगेत हातात रोप घेऊन गेला आणि खड्डे आपल्याच बापाच्या पेरणीच्या जागी पाहून परत आला. झाडाला त्याचा विरोध नव्हता. त्याला कोणी विचारले नव्हते, एवढेच.

ओला कचरा आणि सुका कचरा ह्या धड्यातही हात दिसत नाहीत. हिरवी पेटी, निळी पेटी, आणि मग कचरा 'उचलला जातो'. कर्मणी प्रयोगाचा इतका सोयीस्कर उपयोग व्याकरणाच्या पुस्तकातही झाला नसेल. कोण उचलते? पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातल्या बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातल्या आहेत. वर्गीकरणाचा धडा शहरांनी ज्यांच्याकडून शिकायला हवा त्या ह्या बाया. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये एक कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा करावा लागला, आणि तरी गटारात माणसे मरत राहिली. ह्याचा उल्लेख नसलेला स्वच्छतेचा पाठ हा माझ्या मते अपूर्ण नाही, असत्य आहे.

चांगली पुस्तके निघालीच नाहीत, असे मात्र नाही. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर एन.सी.ई.आर.टी.ने काढलेल्या 'आस-पास' मालिकेत पाचवीसाठी, सफाईचे काम कोण करणार आणि तेच का, असा सरळ प्रश्न विचारणारा एक पाठ होता. विस्थापितांवर होता, जंगल कोणाचे ह्यावरही होता. आता त्या मालिकेच्या जागी नवी पुस्तके आली आहेत. जुनी कोणाकडे असतील तर त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. कांचा इलैया यांनी मुलांसाठी लिहिलेले आणि दुर्गाबाई व्याम यांनी चित्रे काढलेले 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड' हे २००७ चे पुस्तक तर प्रत्येक शिक्षकाने पाहावे. कातडे कमावणे, मडके घडवणे, जनावरे राखणे, कपडे धुणे ही ज्ञाने आहेत, हे ते शास्त्राच्या भाषेत मांडते. ते शिकवताना एक सावधगिरी हवी. कामाची प्रतिष्ठा सांगता सांगता त्या कामाला जन्माने बांधलेपणाचीही प्रतिष्ठा सांगितली जाऊ नये. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच बजावले आहे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांच्या चित्रांचे 'भीमायन' २०११ मध्ये आले. बाबासाहेबांचे चरित्र म्हणून ते वाचले जाते. पण त्याचे तीन भाग आहेत पाणी, निवारा आणि प्रवास. भूगोलाचा ह्याहून चांगला अभ्यासक्रम कोणता? अडचण एवढीच, की ही दोन्ही पुस्तके मी इंग्रजीत वाचली आणि वर्गात मराठीत सांगितली. माझ्या विद्यार्थ्यांच्या धाकट्या भावंडांच्या दप्तरात ती नाहीत.

इथे थोडे आपल्याकडेही पाहिले पाहिजे. आपल्या चळवळीने इतिहास आणि साहित्य ह्यांवर हक्क सांगितला, पण भूगोल परक्याचा विषय म्हणून सोडून दिला. १९४२ ते १९४६ ह्या काळात मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घालणारे बाबासाहेब आपल्या भाषणांत क्वचित येतात. 'बलुतं' किंवा 'उपरा' आपण मराठीच्या तासाला वेदनेसाठी वाचतो. गावकुसाबाहेरची जागा, मुंबईतली खोली, पोटासाठी तुडवलेल्या वाटा ह्यांचे इतके बारीक वर्णन दुसरीकडे कुठे आहे? आपली आत्मकथने हे आपले पहिले भूगोलाचे दस्तऐवज आहेत. त्यांतले अंतर, दिशा, पाणवठा नकाशावर मांडायला कोणी बसलेले मी पाहिले नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आता प्राथमिक शिक्षक आहे. त्याने वर्गात मुलांकडून गावाचा नकाशा काढून घेतला आणि त्यावर तीन बाण मारायला सांगितले. वारा कोठून येतो, पाणी कोठे उतरते, रस्ता कोठे संपतो. तिन्ही बाण एकाच बाजूला जमा झालेले पाहून मुलेच प्रश्न विचारू लागली. आठवड्याभरात त्याला बोलावून सांगण्यात आले, की भूगोलात जात आणू नका. त्याने मला फोन करून विचारले, काय करू?

मी त्याला सांगितले, की जात तू आणलेली नाहीस. ती जमिनीवर आधीच होती, तू फक्त दिशा दाखवलीस. पण हे सांगणे मला सोपे आहे, मी कॉलेजात आहे आणि बदलीची भीती त्याला आहे. म्हणून एकट्याने हे होणार नाही. हे वाचणाऱ्या शिक्षकांनी हा नकाशा आपापल्या वर्गात काढून घ्यावा, कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातल्या विहिरींची आणि गायरानांची मोजणी करावी, विद्यार्थ्यांनी ती लिहून काढावी. पुस्तक मंडळाच्या दारात मागणी घेऊन जायचे असेल तर हातात असे शंभर नकाशे हवेत.

त्या मुलीने सत्र संपताना नकाशा पुन्हा काढून आणला. तो पहिल्याइतका नेटका नव्हता, खाडाखोड होती. वस्ती पूर्वेला, ओढ्याच्या खालच्या अंगाला दाखवली होती, आणि सार्वजनिक विहिरीपासूनचे अंतर पावलांत मोजून लिहिले होते. मी त्यावर शेरा लिहिला नाही. तिला म्हणालो, हा घरी आईला दाखव.