कोणत्या रकान्यात?

अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये कोण हवे आणि कोण नको, हा वाद दरवर्षी झडतो. पण यादीत नाव आहे की नाही, एवढे पाहून भागत नाही; ते कोणत्या रकान्यात आहे, हेही तपासावे लागते.

पहिल्या ध्वनिमुद्रिकेला २५ वर्षे झाली की कलावंत पात्र ठरतो. बिग मामा थॉर्नटन यांचे ‘हाउंड डॉग’ १९५३ साली प्रसिद्ध झाले आणि गाजले. तेच गाणे एल्व्हिस प्रेस्ली यांनी १९५६ मध्ये गायले. १९८६च्या पहिल्या मानकऱ्यांत प्रेस्ली होते. स्त्री एकही नव्हती. १९८४ मध्ये निवर्तलेल्या थॉर्नटन यांची निवड झाली ती थेट २०२४ मध्ये, आणि तीही ‘सांगीतिक प्रभाव’ या सदराखाली.

सिस्टर रोझेटा थार्प यांनाही २०१८ मध्ये ‘आरंभीचा प्रभाव’ म्हणूनच प्रवेश मिळाला. त्यांची ध्वनिमुद्रणे १९३०च्या दशकापासूनची, म्हणून तिथे कालक्रमाचा बचाव निदान करता येतो. थॉर्नटन यांच्याबाबत तोही टिकत नाही. दोन ध्वनिमुद्रिकांत अंतर तीनच वर्षांचे, गाणेही एकच. मग एक गायक आणि दुसरी केवळ प्रभाव कशी?

‘प्रभाव’ हा शब्द गौरवाचा भासतो, पण तो एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या कर्तृत्वाची प्रस्तावना करून ठेवतो. विलंबाची भरपाई उशिरा का होईना होते. चुकीची वर्गवारी मात्र इतिहास म्हणून वाचली जाते.