हात दिसतात, माणूस दिसतो का?

'मारिया मार्टिनेझ : इंडियन पॉटरी ऑफ सान इल्डेफोन्सो' हा २७ मिनिटांचा माहितीपट अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९७२ साली काढला. मारिया ही न्यू मेक्सिकोतल्या प्यूब्लो आदिवासींपैकी. माती घेण्याआधी पवित्र मका शिंपडला जातो. मग चाक न वापरता, मातीच्या वळ्या एकावर एक रचून घडा उभा राहतो; गोट्याने घासघासून त्याला चकाकी येते. भट्टी शेणाच्या भुकटीने कोंडली की धुराने तांबडी माती काळी होते. कॅमेरा कुठेही घाई करीत नाही. या चित्रपटाचे हे मोठेपण मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात पेशवाईने थुंकण्यासाठी मडके अडकवले, त्यांना मडके नुसते सुंदर दिसत नाही. माझे वडील कातडे कमावीत, मोटा शिवीत. त्या मोटेचे पाणी गावाच्या उसाला चालले. त्या हातचे पाणी गावाला चालले नाही. हात सगळ्यांनाच हवे असतात. म्हणून कारागिरावरच्या प्रत्येक चित्रपटाला मी विचारतो : या हातांमागचा माणूस कुठे आहे?

मारियाचा इतिहास आपणच पडद्याशेजारी ठेवला पाहिजे. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात ती आणि तिचा नवरा ज्युलियन घडे करून दाखवीत होते. त्या प्रदर्शनात वस्तूंबरोबर माणसेही मांडलेली होती. आदिवासींना नागरिकत्व मिळाले १९२४ साली. न्यू मेक्सिकोत मताचा हक्क मिळाला १९४८ साली, तोही मिगेल त्रुहियो हा प्यूब्लो शिक्षक कोर्टात लढला तेव्हा. तोवर मारिया साठीला आली होती. घड्याला मान, घडवणारीला मत नाही! हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

१९२०नंतरच्या दशकात ती घड्यांवर सही करू लागली. सहीच्या घड्याला भाव जास्त. तेव्हा गावातल्या इतर बायकांच्या घड्यांवरही तिने आपले नाव घातले. एखाद्या संग्राहकाला ही लबाडी वाटेल. मला यात तिचे खरे मोठेपण दिसते. बाजाराने एकीला वेगळे काढले. तिने आपले नाव वाटून टाकले.

आज आपल्या मुलामुलींच्या हाती कॅमेरा आला आहे. त्यांनी हात जरूर दाखवावेत. पण त्याच माणसाला त्याची मजुरी विचारावी, त्याचे नाव विचारावे, आणि गावात त्याच्या हातचे पाणी कोण पितो, हेही विचारावे.