संस्थाचालकाचा त्याग आणि घराचा हिशेब : 'आत्मवृत्त' व 'माझे पुराण' यांचे तौलनिक वाचन

प्रस्तावना :
शैक्षणिक नेतृत्वाच्या चर्चेत कार्य-जीवन संतुलनाचा विचार बहुधा वेळेचे नियोजन व ताणतणावाचे व्यवस्थापन या व्यक्तिगत उपायांपुरता मर्यादित राहतो. महाराष्ट्रात मात्र या प्रश्नामागे त्यागाची परंपरा उभी आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या (१८८४) आजीव सभासदांनी वीस वर्षे सेवेचे बंधन स्वीकारले होते. सभासदाने संस्थेबाहेर अर्थार्जन करावे काय, हा वाद टिळकांच्या १८९० मधील राजीनाम्यास कारणीभूत ठरला. या परंपरेची किंमत कोणी मोजली, हे प्रस्तुत लेखात दोन आत्मचरित्रांच्या आधारे पाहिले आहे.

विवेचन :
महर्षी धोंडो केशव कर्वे १८९१ ते १९१४ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला आणि १९०० मध्ये तो हिंगण्यास नेला. दिवसा अध्यापन व त्यानंतर हिंगण्याची पायपीट असा त्यांचा क्रम होता. 'आत्मवृत्त' (१९१५) मधील संयत निवेदनात हा श्रम कर्तव्याच्या ओघात येतो. घर त्यात दुय्यम ठरते.

आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' (१९४४) ही उणीव भरून काढते. बालवैधव्य, शारदा सदनातील शिक्षण व १८९३ चा पुनर्विवाह यांबरोबरच संसारातील ओढाताण त्या बोलीच्या वळणाने, आडपडदा न ठेवता सांगतात. सुईणीचे शिक्षण घेऊन त्यांनी घराच्या उत्पन्नास हातभार लावला. पुनर्विवाहामुळे समाजाने टाकलेल्या बहिष्काराची झळही घरालाच सोसावी लागली. तथापि हे लेखन केवळ तक्रार म्हणून वाचणे अन्यायाचे होईल. संस्थेच्या कार्यात बायाही सहभागी होत्या. त्यांचा आग्रह आहे तो घरातील श्रमांची नोंद होण्याचा.

कर्व्यांना १०४ वर्षांचे आयुष्य लाभले. केवळ नेत्याचे आरोग्य हा निकष मानल्यास येथे संतुलन पूर्णपणे साधले असे म्हणावे लागेल. 'माझे पुराण' या निकषाचा अपुरेपणा दाखवून देते : संस्थेचा भार नेत्याला पेलता आला, कारण त्याचा मोठा वाटा घराने उचलला.

निष्कर्ष :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्राचार्यांची नियुक्ती पाच वर्षांसाठी होते व कामगिरीच्या मूल्यमापनानंतर आणखी एक कालावधी मिळू शकतो. असे मूल्यमापन करताना रात्री उशिरापर्यंत कार्यालयात थांबणे म्हणजे निष्ठा, हे समीकरण व्यवस्थापनाने सोडावे. अधिकारांची वाटणी, सक्षम उपप्राचार्य आणि निःसंकोच घेता येणारी रजा या संस्थेने करावयाच्या तरतुदी आहेत. प्राचार्यपदावरील स्त्रियांच्या बाबतीत त्या अधिकच निकडीच्या आहेत. कारण बहुतेक घरांत बायांनी केलेले काम त्यांच्यासाठी करणारे कोणी नसते. संस्थांच्या इतिहासलेखनातही 'आत्मवृत्ता'शेजारी 'माझे पुराण' ठेवणे आवश्यक आहे.