सावंतवाडीच्या कागदांतील ‘गव्हर्नर बहादूर’ कोण?

सावंतवाडी संस्थानचे जे मोडी मसुदे व नकला संग्राहकांच्या हातीं येतात, त्यांतील पुष्कळांवर मिति नसते. मायन्यांत ‘गव्हर्नर बहादूर, मुंबई’ एवढेंच असतें. मग यादीकार एखाद्या नामांकित गव्हर्नराची कारकीर्द पाहून कागद तींत बसवितो. ही पद्धति, निदान शके १७६० ते १७७० या दशकापुरती, आम्हांस सर्वथा सदोष वाटते.

१८३८ सालीं खेम सावंतांकडून कारभार काढून तो कंपनी सरकारनें आपल्या हातीं घेतला. त्याच वर्षीं जुलैंत सर रॉबर्ट ग्रँट पुण्याजवळ दापोडीस वारले व कौन्सिलांतील फॅरिश हंगामी गव्हर्नर झाले. मे १८३९ मध्यें कारनॅक आले, ते एप्रिल १८४१ मध्यें गेले. त्यांच्या जागीं मॅक्नॉटन यांची नेमणूक झाली. पण ते काबुलांतच राहिले आणि डिसेंबरांत तेथें मारले गेले. मुंबईस ते एक दिवसहि बसले नाहींत. नुसती नेमणूक पाहून त्यांच्या नांवें कागद लावणारा फसलाच! काम पाहात होते ते अँडर्सन. पुढें जून १८४२ पासून आर्थर, मग रीड, क्लार्क आणि मे १८४८ पासून फॉकलंड. दहा वर्षांत आठ माणसें, त्यांत तिघे हंगामी. वैयाकरणांचा आदेश स्थानीचे अधिकार घेतो, म्हणून तो स्थानी होत नाहीं.

ही केवळ सनावळीची काथ्याकूट नव्हे. वाडींत बंडें झालीं तीं १८३९ व १८४४ सालीं. दुसऱ्यांत फोंड सावंत तांबुळकर पुढें होते. एखादा तक्रारअर्ज बंडापूर्वींचा ठरला तर तो सरकारास दिलेला इशारा होतो. नंतरचा ठरला तर नुसती सबब. १८८० च्या गॅझेटियरांत ‘सरकार’ हा एकच अखंड पुरुष असल्यासारखा भासतो. त्या खुर्चीवर कोण होतें, हें वाचकाच्या ध्यानींच येत नाहीं. आमच्या यादीकारांनीं तोच दोष उचलला आहे.

त्यापेक्षां वाडीच्याच अधिकाऱ्याचें नांव धरावें. जेकबसाहेब तेथें १८४५ पासून १८५१ पर्यंत होते. तेवढ्यांत मुंबईस चौघे गव्हर्नर झाले. अक्षर, कागद व कारकुनाचा शेरा यांचीहि साक्ष घ्यावी. तोंवर यादींत ‘गव्हर्नर’ एवढेंच लिहून नांवाची जागा कोरी ठेवावी.