लॉरा वाइल्डर हिच्या बालकादंबऱ्या व त्यांमागील मूळ कागद

बालवाङ्मयाची चिकित्सा करणें हें इतिहाससंशोधकाचें काम नव्हे, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या कादंबऱ्या पिढ्यान्‌पिढ्या मुलांनीं इतिहास समजून वाचल्या आणि ज्यांच्या मागचें हस्तलिखित आज छापून उपलब्ध झालें आहे, त्यांची मुळाशीं तुलना करण्याचें काम संशोधकानें न केल्यास तें कोणीं करावयाचें? बखर व अस्सल कागद यांचा मुकाबला कसा करावा, हें कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत दाखवून दिलें. तीच कसोटी आम्ही येथें एका परदेशी ग्रंथमालेस लावून पाहत आहों.

ग्रंथकर्त्री लॉरा इंगल्स वाइल्डर ही १८६७ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतीं जन्मली व १९५७ सालीं वारली. तिचा बाप चार्ल्स हा नव्या जमिनीच्या शोधांत कुटुंब घेऊन विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा व डाकोटा असा फिरत राहिला. या भ्रमंतीवर लॉरानें १९३२ पासून १९४३ पर्यंत आठ पुस्तकें प्रसिद्ध केलीं. त्यांपैकीं एक नवऱ्याच्या बालपणाविषयीं असून बाकीचीं स्वतःच्या घराविषयीं आहेत. हीं पुस्तकें लिहिलीं गेलीं तो काळहि ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १९२९ सालीं न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला व त्यानंतरच्या मंदींत लॉरा व तिची मुलगी रोझ यांची गुंतवणूक बुडाली. तेव्हां एका हलाखीच्या काळांत बसून दुसऱ्या हलाखीच्या काळाची गोष्ट सांगितलेली आहे. एकाची छाया दुसऱ्यावर पडली असल्यास नवल नाहीं.

मूळ साधन तें ‘पायोनिअर गर्ल’ नांवाचें आत्मवृत्त. हें लॉरानें १९३० सालीं रेघी वह्यांवर शिसपेन्सिलीनें, प्रकरणें न पाडतां, एकटाकी लिहिलें. प्रकाशकांनीं तें नाकारलें, म्हणून त्यांतील मजकूर निवडून, वाढवून व तृतीयपुरुषीं करून बालकादंबऱ्या रचण्यांत आल्या. रोझ ही नाणावलेली लेखिका असल्यामुळें तिनें टंकलेखन करतांना पुष्कळ फेरफार केले. तिचा हात इतका मोठा होता कीं, खरी लेखिका तीच, असें विल्यम होल्ट्झ यांनीं १९९३ सालीं प्रतिपादिलें. मूळ आत्मवृत्त साउथ डाकोटाच्या इतिहासमंडळाच्या छापखान्यानें २०१४ सालीं पामेला स्मिथ हिल यांच्या विस्तृत टीपांसह प्रसिद्ध केलें. ‘द लाँग विंटर’ या कादंबरीची हस्तलिखित प्रत डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आहे, व रोझचे कागदपत्र आयोवांतील हूव्हर ग्रंथालयांत आहेत. इतकीं साधनें सुरक्षित राहिलेली बालकादंबरी विरळा.

आतां मुकाबला पाहूं.

पहिला मुद्दा कॅन्ससचा. ‘लिट्ल हाऊस ऑन द प्रेअरी’ (१९३५) या पुस्तकांत धाकटी बहीण कॅरी ही विस्कॉन्सिन सोडतांनाच आईच्या मांडीवर आहे. वस्तुतः कॅरीचा जन्म कॅन्ससमध्येंच १८७० च्या ऑगस्टांत झाला, व त्याच वर्षाच्या शिरगणतींत हें कुटुंब तेथील रटलंड टाउनशिपमध्यें नोंदलेलें आहे. पुस्तकांत घर इंडिपेंडन्स गांवापासून चाळीस मैलांवर सांगितलें आहे. खरें अंतर सुमारें तेरा मैलच. लॉराचें वय त्या काळीं दोन ते चार वर्षांचें. तेव्हां हा सर्व भाग ऐकीव होय, प्रत्यक्ष आठवण नव्हे. परत फिरण्याचें कारणहि तपासण्यासारखें आहे. कादंबरींत सरकारी शिपाई येऊन हुसकावतील या भीतीनें बाप घर सोडतो. परंतु विस्कॉन्सिनचें घर ज्यास विकलें होतें त्याच्याकडून पैसे पुरे न झाल्यामुळें तें परत घ्यावें लागलें, हें कारण पुस्तकांत मुळींच नाहीं. ती जमीन ओसेज लोकांची होती व हें कुटुंब तीवर हक्कावांचून बसलें होतें, हेंहि मुलांस नीट कळत नाहीं. याच पुस्तकांतील एक पाठभेद बोधप्रद आहे: त्या प्रदेशांत माणसें नव्हतीं, फक्त इंडियन राहत, अशा अर्थाचें वाक्य पहिल्या आवृत्तींत होतें; एका वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३ च्या आवृत्तींत ‘माणसें’ या जागीं ‘वसाहतवाले’ हा शब्द घातला गेला. एका शब्दाच्या दुरुस्तीस अठरा वर्षें लागलीं.

दुसरा मुद्दा टोळांचा. ‘ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक’ (१९३७) हें आमच्या मतें या मालेंतील सर्वांत सकस पुस्तक. येणाऱ्या गव्हाच्या भरंवशावर बाप लांकूड उधार आणून घर बांधतो. टोळधाड येऊन पीक फस्त करते. आणि तो फाटक्या बुटांनीं पूर्वेकडे कापणीच्या मजुरीस पायीं निघतो. टोळांचें वर्णन तत्कालीन वृत्तांतांशीं जुळतें. परंतु १८७५ च्या नोव्हेंबरांत चार्ल्स इंगल्स यानें आपण सर्वस्वीं निर्धन आहों असें लिहून देऊन सरकारी मदतीच्या पिठाचीं दोन अर्धीं पिपें घेतलीं, हा लेखी पुरावा कॅरोलाइन फ्रेझर यांनीं २०१७ च्या आपल्या चरित्रग्रंथांत पुढें आणला आहे. कादंबरीचा बाप असा कागद कधींहि लिहून देता ना.

तिसरा मुद्दा गाळलेल्या वर्षांचा. आणि हाच आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. प्लम क्रीकनंतरचें पुस्तक एकदम १८७९ सालीं उघडतें. मधल्या काळांत, १८७६ च्या ऑगस्टांत, लॉराचा नऊ महिन्यांचा एकुलता भाऊ फ्रेडी वारला. कुटुंब आयोवांतील बर ओक या गांवीं गेलें व तेथें आईबापांनीं एका खाणावळवजा हॉटेलांत काम केलें. एका डॉक्टरच्या बायकोनें लॉरास आपल्या घरीं ठेवून घेण्याची इच्छा दाखविली. आईनें ती नाकारली. अखेर भाड्याची बाकी न भागवितां तें कुटुंब रात्रीच्या काळोखांत गांव सोडून गेलें. हें सर्व हस्तलिखितांत आहे. कादंबऱ्यांत यांतील एक अक्षर नाहीं.

चौथा मुद्दा १८८०-८१ च्या हिंवाळ्याचा. ‘द लाँग विंटर’ (१९४०) या पुस्तकास लेखिकेनें प्रथम ‘कठीण हिंवाळा’ या अर्थाचें नांव दिलें होतें. मुलांस तें फार निराशाजनक वाटेल म्हणून प्रकाशकांनीं बदलविलें. आगगाड्या बंद पडल्या, कोळसा संपला, गवताच्या पेंढ्या पिळून जाळल्या, कॉफीच्या चक्कींत गहूं दळून पोळ्या केल्या. हा तपशील अस्सल आहे, आणि तो ज्या हातांनीं तें गवत पिळलें त्याच हातांनीं लिहिला आहे. परंतु त्या हिंवाळ्यांत इंगल्सच्या घरीं मास्टर्स नांवाचें एक जोडपें व त्यांचें तान्हें मूल राहत होतें, असें आत्मवृत्त सांगतें. कादंबरींत त्यांस स्थान नाहीं. दुष्काळांत घरांत आलेलें परकें तोंड, त्याविषयींची चीड, आणि तरीहि त्यास बाहेर न काढणें, ही गोष्ट मुलांना सांगण्याच्या लायकीची नव्हती काय?

या चारहि स्थळीं एकच सूत्र दिसतें. निसर्गाचा कोप लेखिका मोकळेपणानें सांगते. कर्ज, भाडें, चाकरी व सरकारी मदत मात्र झांकते. थोरली बहीण मेरी आंधळी झाल्यावर तिला आयोवांतील अंधशाळेंत पाठविण्यासाठीं घरचीं माणसें पै पै जमवितात, असें पुस्तकांत आहे. पण तिच्या शिक्षणशुल्काचा भार डाकोटा प्रदेशाच्या सरकारनें उचलला होता. कादंबरीकारास निवडीचा अधिकार आहे, हें आम्हांस मान्य आहे. आपल्या बापाची लाज उघडी करण्यास मुलगी कचरली, यांत दोष देण्यासारखेंहि कांहीं नाहीं. आमचा आक्षेप इतकाच कीं, लेखिकेनें आपल्या गोष्टी खऱ्या असल्याचें वाचकांस सांगितलें. आणि त्यामुळें, संकटांत सापडलेलें सज्जन कुटुंब कोणाचें देणें लागत नाहीं व कोणापुढें हात पसरीत नाहीं, असा समज बालवाचकाच्या मनांत रुजला. ज्या मुलाच्या घरीं वाण्याची उधारी थकली आहे त्यानें हें वाचून आपल्या बापाविषयीं काय समजावें? आमच्या मतें टोळधाड ज्याच्यानें सोसवते त्याच्यानें उधारीहि सोसवेल. बर ओकची काळोखी रात्र कादंबरींत आली असती, तर चार्ल्स इंगल्स याची थोरवी रतीभरहि कमी झाली नसती.

याउलट गुणहि मोठे आहेत. अवजारें, अन्न, घरबांधणी, शिवण यांविषयीं या पुस्तकांइतकी भरंवशाची साक्ष त्या काळच्या थोड्याच लेखांत मिळेल. तेव्हां आमचा निर्णय असा: वस्तूंविषयीं हीं पुस्तकें प्रमाण मानावीं, तिथींविषयीं तपासून घ्यावीं, आणि पैशाविषयीं त्यांवर मुळींच विसंबूं नये.

शेवटीं आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति. ज्या १८७५ सालीं इंगल्सनें तो कागद लिहून दिला, त्याच वर्षीं मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा होऊन कुणब्यांनीं सावकारांचे रोखे जाळण्यास प्रारंभ केला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं चढलेला कापसाचा भाव युद्धानंतर उतरला, हें त्या दंग्याच्या कारणांपैकीं एक. त्या कुणब्यांच्या मुलांचें बालपण कसें गेलें हें सांगणारें पुस्तक कोणास लिहावयाचें झाल्यास त्यानें कोठें पाहावें? सनदा व महजर आपण कापडांत बांधून ठेवतों. घरखर्चाच्या वह्या, उधारीचीं खातीं, गहाणखतें व बायकांचीं पत्रें रद्दींत जातात. पेन्सिलीनें लिहिलेल्या वह्या टिकल्या म्हणून लॉरा वाइल्डर हिनें गाळलेलें आज वाचतां येतें. आपल्याकडे गाळलेलें तर राहोच, लिहिलेलेंहि उरणार नाहीं, अशी आम्हांस भीति वाटते. ज्यांच्या माळ्यावर अशा वह्या पडून असतील, त्यांनीं त्या फेंकण्यापूर्वीं एकवार उघडून पाहाव्या.