पाणचक्कीत दळण कुठे आहे?

छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची पाणचक्की पाहून आलेल्याला काय पाहिलंत असं विचारावं. भिंतीवरून कोसळणारं पाणी, कारंजी, हौदातले मासे, जुना वड एवढं तो हमखास सांगतो. जातं सांगणारा क्वचितच भेटतो. काही जण तर तिला ‘पवनचक्की’ म्हणून मोकळे होतात. दोष त्यांचा नाही. वास्तू आज ज्या रीतीने दाखवली जाते, त्यात जातं हे पाण्याच्या देखाव्याचं शेपूट होऊन बसलं आहे. माझ्या मते ही वास्तू समजून घ्यायची तर सुरुवात जात्यापासूनच करावी लागते.

त्याआधी दोन गैरसमज बाजूला करू. पहिला, शहरातलं जे जे जुनं पाणी ते मलिक अंबरचं. अंबरने खडकी वसवली आणि तिला नहरीचं पाणी दिलं हे खरं. पण तो 1626 साली वारला, आणि पाणचक्कीची नहर त्याच्यानंतरची आहे. दुसरा गैरसमज ‘सायफनचा चमत्कार’ हा. पाणी कुणी वर ओढून घेतलेलं नाही. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातला उगम उंचावर आहे. तिथून बंद खापरी नळांतून उतरलेलं पाणी पुढे आपल्याच दाबाने पुन्हा वर चढतं, मात्र उगमाच्या पातळीपेक्षा थोडं कमी. चढणारच. यात जादू नाही. उतार नेमका मोजणाऱ्या माणसांचं कौशल्य आहे. चमत्कार म्हटलं की त्या मोजणाऱ्यांचं श्रेय जातं, म्हणून मला हा शब्द खटकतो.

आता जातं. वरची तळी फिरती, खालची स्थिर. वरच्या तळीला जोडलेला उभा कणा जमिनीखालच्या कोठीत उतरतो आणि त्याच्या टोकाला आडवं चक्र असतं. पाण्याची धार चक्राच्या पात्यांवर आदळते, चक्र फिरतं, त्याच कण्यावर तळी फिरते. मध्ये दातेरी चाक नाही, पट्टा नाही. चक्राचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. युरोपातल्या बऱ्याच खेडेगावांत दिसणारं उभं चाक वेगळं. त्याची गती जात्यापर्यंत न्यायला दात्यांची चाकं लागतात. आडव्या चक्राला भरपूर पाणी लागत नाही, उंची मात्र लागते. म्हणूनच पाणचक्कीच्या भिंतीला ती उंची आहे. ती शोभेची भिंत नव्हे.

ताकद किती? समजा सेकंदाला 20 लिटर पाणी 6 मीटरवरून पडलं. गणिताने सुमारे 1200 वॅट होतात, आणि आडव्या चक्राच्या हाती त्यातला पाव ते तिसरा हिस्सा लागतो. म्हणजे जेमतेम अर्धा अश्वशक्ती. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची मोटार याच्या दहापट सहज असते. पण अर्धा अश्वशक्ती न थकता रात्रंदिवस चालली, तर एका मोठ्या स्वयंपाकघराचं पीठ निघतं. तळी संथ फिरते, त्यामुळे पीठ तापत नाही.

हे स्वयंपाकघर कुणाचं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा हा तकिया. त्यांचे शिष्य शाह महमूद यांनी गुरूच्या आठवणींचा फारसी ग्रंथ संकलित केला. सायमन डिग्बी यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. मध्य आशियातून दख्खनेत आलेले फकीर आणि सैनिक त्यात सतत ये-जा करताना दिसतात. अशा जागी रोज पंगत उठवायची तर दळणाची सोय हवीच. मध्य आशियापासून हिमालयापर्यंत आडव्या चक्राची गिरणी खेड्यापाड्यांत रुळलेली होती. ती दख्खनेत अशा तकियात उभी राहावी, यात मला नवल वाटत नाही.

महाराष्ट्रात मात्र तिचा प्रसार झाला नाही. आपल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात, आणि दळण पहाटेच्या बाईच्या हातातच राहिलं. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी गोळा केलेल्या लाखाहून जास्त ओव्या त्याच खुंट्यावरच्या. पाणी दळू लागलं असतं, तर यातल्या किती उरल्या असत्या कोण जाणे. हात मात्र वाचले असते.

चक्की फिरवून झाली तरी पाण्याचं काम संपत नाही. ते हौदात साठतं. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत. वैशाखात त्या दालनात उतरून पाहावं. जास्तीचं पाणी खामच्या पात्रात जातं. एकाच पाण्याकडून दळण, शोभा आणि गारवा करून घेणारी अशी दुसरी वास्तू मी पाहिलेली नाही.

आणि म्हणूनच आजच्या जतनाबद्दल तक्रार करावीशी वाटते. उत्तराखंडातलं घराट पाहा. दगडमातीची झोपडी, गुलेतून आलेलं पाणी, धान्याची टोपली हलवणारी एक काठी, आणि मजुरी म्हणून पिठातला वाटा. तिथे दुरुस्ती करताना लाकडी चक्र जाऊन लोखंडी आलं, बेअरिंग आलं, काही ठिकाणी वीजही निघू लागली. जुनेपणाच्या भक्ताला हे रुचणार नाही. पण तिथे दळण चालू आहे. आपल्याकडे दगड जपला, कारंजी जपली, तळी फिरतेही. तिच्या तोंडात दाणा नाही. नहरीच्या वाटेवर वस्ती चढली आहे आणि उन्हाळ्यात धार बारीक होते. नहर गेली, तर उरेल ती पंपावर चालणारी कारंज्याची बाग.

माझी मागणी छोटी आहे. तळीला टाकी लावून घ्यावी, धार चांगली असेल त्या महिन्यांत आठवड्यातून एक दिवस पायलीभर ज्वारी दळावी आणि ते पीठ येणाऱ्यांच्या हातावर ठेवावं. नहरीचा नकाशा, उगमापासून चक्रापर्यंत, दारातच लावावा. पीठ मिळेनासं झालं की नहर कुठे फुटली हे शोधायला लोक आपणहून निघतील.